घोड्याचा लाल पैसा

१ सप्टेंबर १९५७, रविवार

चिल्लर म्हणाले! माझ्या तोंडावर!

सभा दादाच्या ओसरीवर होती. एक नोव्हेंबरला नव्या मध्यप्रदेशाला वर्ष होतंय, म्हणून वाचनालयात नाण्यांचं प्रदर्शन. अध्यक्ष कापडवाले गिरधरशेठ, चिटणीस आमचा दादा. पाच टेबलं. चारांवर बुऱ्हाणपूरच्या टाकसाळीचे चांदीचे रुपये, म्हणजे बहुतेक दादाचे आणि शेठजींचेच. पाचव्यावर म्हणे हार आणि पाण्याचा माठ ठेवायचा. मी म्हटलं, माठ खाली ठेवा, टेबल मला द्या. माझी नवी नाणी मांडते. वाघाचा रुपया, घोड्याचा पैसा, राजा जाऊन सिंह आले ती सगळी. एकूण एक निवडलेली.

गिरधरशेठ हसले. "बहेनजी, ती तर पानवाल्याच्या गल्ल्यात पण आहेत. लोक काय चिल्लर बघायला येतील?" बाकीचेही हसले. दादा सुपारी कातरत बसला. सख्खा भाऊ!

आमचे वडील, नाना, जाताना आपली चांदीची नाणी दादाला देऊन गेले. "मुलीला काय कळतं त्यातलं" हे नानांचे शब्द, मी दाराआडून ऐकलेले. अकरा वर्षं झाली. मला उरली बाजारातली, म्हणून मी बाजारातली जमवली. शाळेच्या पगारातून, एकेक पारखून. पाचवं टेबल मी घेणार. घेणारच.

३ सप्टेंबर

दादा सकाळी आला. चहा घेतला आणि हळूच विषय काढला. "मालती, हट्ट सोड. अगं, टाकसाळीनं कोटींनी पाडलेत ते पैसे. त्यात कसलं दुर्मिळ?"

मी म्हटलं, "पाडले कोटींनी. पण पाडले तसेच्या तसे उरले किती?"

"म्हणजे?"

म्हणजे! चाळीस वर्षं नाणी हाताळतोय आणि म्हणजे विचारतो. एप्रिलमध्ये नवे पैसे निघाले, तेव्हा पोस्टातून शंभर आणले होते मी. लालबुंद, निखाऱ्यासारखे. भिंग लावून बघितले. शंभरात तीन निर्मळ! बाकीचे थैलीत एकमेकांवर आपटून आधीच खरचटलेले. आणि बाजारात गेलेले आता पाच महिन्यांत तपकिरी झाले. मग पन्नास सालचा घोड्याचा पैसा, सात वर्षांनी, पाडला तसा लाल कुठून सापडणार? जुनी चांदी लोक जपतात, पुरून ठेवतात. पैसा कोण जपतो?

माझ्याकडे पन्नासचे चौदा आहेत. सगळ्यात चांगल्यावर अंगठ्याचा काळा ठसा उठलाय. माझाच अंगठा! तेव्हा अक्कल नव्हती.

८ सप्टेंबर, रविवार

पैज लावून आले.

दुसरी सभा. शेठजींनी पुन्हा माठाचा विषय काढला, मग मी उभीच राहिले. म्हटलं, "पंचवीस ऑक्टोबरपर्यंत मुदत. शहरातून, बहादरपूर-फोपनारहून, कुठूनही पन्नास सालचा घोड्याचा एक पैसा आणा. टाकसाळीतून निघाला तसा. एक जरी आणलात तर मी टेबल मागणार नाही, जन्मात नाही. नाही मिळाला तर पाचवं टेबल माझं, आणि वर पाटी दुर्मिळ नाण्यांची."

"मंजूर!" गिरधरशेठनी मांडीवर थाप मारली. "आणि आणणाऱ्याला माझ्याकडून चांदीचा रुपया!"

मग प्रश्न आला, ठरवायचं कुणी. सगळे दादाकडे बघायला लागले. दादा म्हणाला, "तीच ठरवेल. आपल्याला त्यातलं कळत नाही. आणि नानांची लेक खोटं बोलणार नाही."

दादा माझ्याबद्दल चारचौघांत पहिल्यांदाच काही बरं बोलला. घरी येईपर्यंत तेच आठवत होते.

१३ सप्टेंबर

एक धास्ती मनात होती. सरकारी खजिन्यात कुठे पन्नास सालची शिवलेली थैली पडली असेल तर? टाके उसवले की हजार लाल पैसे! मग माझी दुर्मिळता गेली पाण्यात. आज शाळा सुटल्यावर थेट खजिन्यात गेले. तिथली रोकड सांभाळणारे पंडितराव ओळखीचे, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ते म्हणाले, "बाई, त्या थैल्या एक्कावन्न सालीच वाटून झाल्या. आता जुने पैसे उलटे येतायत आमच्याकडे." एक उघडी थैली लांबून दाखवली. सगळे खजुराच्या बियांसारखे.

सुटले. इंदूरला, नागपूरला एखाद्या कोपऱ्यात थैली असेलही. आज जो पैसा दुर्मिळ तो थैली फुटेपर्यंतच दुर्मिळ, हे मला कळतं. पण पैज बुऱ्हाणपूरची आहे.

१६ सप्टेंबर

शाळेत नुसता गोंधळ. पूर्वी कागद नागपूरहून यायचे, आता भोपाळहून. मराठी वर्गाची पुस्तकं अजून नाहीत. हेडमास्तर म्हणतात, चालवा. चालवतेय.

२१ सप्टेंबर, शनिवार

चिंच! चिंच! चिंच!

दर शनिवारी दुपारी वाचनालयात बसून पैसे तपासायचे ठरलंय. वंदना मदतीला असते, माझ्याच शाळेत तिसरीला शिकवते, पोर हुशार आहे. आज एकेचाळीस पैसे आले. एकेचाळीसच्या एकेचाळीस घासलेले! कुणी चिंचेनं, कुणी लिंबानं, कुणी राखेनं. एकानं दही-मीठ लावलं होतं, त्याला वास येत होता. दुरून लाल दिसतात खरे. पण अस्सल कोरा पैसा उजेडात फिरवला की त्यावरची चमक त्याच्याबरोबर गोल फिरते. घासलेल्यावर ती मरून जाते. उरतो नुसता गुलाबी पत्रा.

राजपुऱ्यातली एक बाई चांगलीच तापली. "एवढा घासला, बोटं सोलून निघाली, आणि तुम्ही म्हणता खोटा?"

"खोटा नाही हो, घासलेला."

"मग घासायचं नाही तर काय? देवाची भांडी तुम्ही तशीच काळी ठेवता का?"

तिनं पैसा हिसकून घेतला आणि गेली. वंदना तोंडाला पदर लावून हसत होती. "बाई, बाजार में इमली खतम होणार आता!"

२ ऑक्टोबर

आज सुट्टी असून घरी माणसं. एक म्हातारे गृहस्थ पैसा घेऊन आले. बघितला आणि लगेच भिंग काढलं. घोड्याच्या पायांच्या बेचक्यात, अक्षरांच्या फटींत जुनी अस्सल लाली शिल्लक होती! बाकी सगळा खरवडलेला.

विचारलं, "काल कसा होता हा?"

"काल? असाच. फक्त शेपटीपाशी एक डाग होता, म्हणून रात्री चिंचेत टाकला."

कपाळावर हात मारला. पन्नास सालापासून देव्हाऱ्याच्या डबीत होता म्हणे. मी पैज लावली नसती तर आजही तसाच असता. किती डब्या उघडल्या असतील गावात माझ्यापायी! मी शोधायला निघाले आणि शोधता शोधता होते नव्हते तेही घासायला लावले. दिवसभर कशात जीव लागला नाही.

पण संध्याकाळी डोकं शांत करून लिहितेय. चूक झाली ती झाली. आता मागे फिरले तर टेबलही जाईल आणि पैसेही गेलेलेच. पुढे जायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज फक्त सहा आले. सगळे चिंचेचे.

टेबलाची तयारी सुरू केलीय. काळं मखमली कापड आणलं. चिठ्ठ्या लिहिल्या, अठ्ठावीस. दादा आला होता, एक चिठ्ठी उचलून बघितली. म्हणाला, "अक्षर अगदी नानांसारखं आहे तुझं." मग उगाच खाकरला आणि म्हणाला, कापडाला कडा शिवून घे, सुटतील. तेरा दिवस राहिले!

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज दोनच माणसं. त्यातल्या एक बहादरपूरच्या रंभाबाई. कपाशीचं थोडं रान आहे, ते मुलगा बघतो. दादा आणि गिरधरशेठ दोघंही तिथंच बसले होते.

त्यांनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. आत कापूस, कापसात पैसा. म्हणाल्या, "मले कोनी सांगलं, बाई लाल पैसा शोधी राह्यल्या. आमच्या मानसानं आनला व्हता, कपाशी इकून आले तव्हा. म्हने, पाह्य रंभा, याच्यावर राजा नाही. त्याच साली ते गेले. तव्हाचा तसाच ठेयेल हाये."

गिरधरशेठ खुर्चीत पुढे सरकले. "अहो, असली निघाला तर चांदीचा रुपया मिळेल तुम्हाला!"

"रुपया काय करू मी? बाईले पायजे म्हनून आनला. ठेयी घ्या बाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पैसा खिडकीशी नेला. फिरवून बघितला. घासलेला होता. तसं सांगितलं.

"मी तं कधी घासला नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुमच्या हाती यायच्या आधी कुणी घासला असेल."

त्यांनी पैसा माझ्या हातातून घेतला, उलटापालटा करून बघितला. "अशीन बा. तुमी शिकेल हाये." पुन्हा कापसात ठेवला आणि गेल्या. गिरधरशेठ म्हणाले, "चला, बहेनजी जीत गयी!" दादानं मान हलवली.

घरी येताना वंदना म्हणाली, "बाई, मला तर तो असलीच वाटला."

"तुला काय कळतं त्यातलं!" मी म्हटलं.

२२ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. यंदा पूजेत एकही नाणं मांडलं नाही. कारण काही नाही. नाही मांडलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मुदत संपली! एकूण त्र्याहत्तर पैसे आले, पसंत एकही नाही. गिरधरशेठनी स्वतः माठ उचलून खाली ठेवला. सुतारानं पाटी आणून दिली. पाचवं टेबल माझं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर उभी होते, पाय सुजलेत.

गर्दी माझ्या टेबलापाशी! चांदीच्या रुपयांपुढे लोक हात जोडल्यासारखे उभे राहायचे आणि पुढे सरकायचे. माझ्यापुढे भांडत होते. "हा तर आपल्याकडं होता!" "आन्या, तू खर्चलास!" एका बाईनं भोकाचा पैसा ओळखला, लुगड्याच्या गाठीला बांधायची म्हणे. तहसीलदारीणबाई दोनदा आल्या. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "ही माझी बहीण. अकरा वर्षं जमवतेय." अकरा वर्षं त्यालाही माहीत होती तर!

टेबलाच्या मधोमध मी एक चौकट रिकामी ठेवली होती. खाली चिठ्ठी: 'घोड्याचा पैसा, १९५०. कोट्यवधी पाडले. पाडला तसा बुऱ्हाणपुरात एकही नाही.' गिरधरशेठनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वंदना आली नाही. तिच्या आईला बरं नाही म्हणे.

३ नोव्हेंबर, रविवार

बहादरपूरला जाऊन आले. रंभाबाईंचा पैसा अस्सल होता. डबी उघडली तेव्हाच कळलं होतं मला. या वहीतही खोटंच लिहिलं होतं.

म्हटलं, पैसा परत बघू द्या. त्या म्हणाल्या, "तो? त्याच दिशी टांगावाल्याले देल्हा. सात साल जपला मी येड्यावानी. आमच्या मानसानं बजारातून घासेल आनला अशीन न् मले नवा म्हनून देल्हा. मरेल मानसाले काय इचारू आता?"

मी त्यांचे हात धरले. सगळं सांगितलं. खोटं मी बोलले, तुमच्या माणसानं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू द्या बाई. माह्यं मन राखाले म्हनता तुमी."

चहा केला त्यांनी. मी प्यायले.