खांद्याशी खिळा

तेलीबाग, रविवार संध्याकाळ

जुना आरसा घेतला एकदाचा, हज़रतगंजमधून. सागवानी चौकट, काचेवर काळसर डाग. लग्नापासून सुमनला अस्साच हवा होता. रेल्वेच्या प्रत्येक क्वार्टरमध्ये मी म्हणायचो, बदलीत फुटेल, स्वतःचं घर झालं की घेऊ. घर झालं, पण ती त्याआधीच गेली.

सुतार म्हणाला, "साहब, कील कहाँ ठोकूँ?" मी आपला खांद्याशी हात धरला. त्याने ठोकला.

मुलगी म्हणाली, "बाबा, इतना नीचे? आपका तो चेहरा ही नहीं दिखेगा!"

खांद्याशी का धरला हात? सुमन तिथवर यायची.

राहू दे, म्हटलं.

आता समोर उभा आहे. नुसता शर्ट दिसतोय. वरून तिसरं बटण तुटलंय. किती दिवस असाच हिंडतोय मी?