तिसरा जिल्हा

प्रिय अमोल,

प्रिय लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राला सुरुवात तर करावी लागते. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला वर्ष होत आलं, म्हणून हे योगेशच्या हाती पाठवते आहे. तुझ्या संघातला सगळ्यात गरीब गाय तोच, म्हणून तू त्यालाच धाडलंस. अकोल्याहून एसटीने अमरावतीला आला, राजापेठेत माझ्या आत्याच्या घरी तासभर बसला आणि तुझं नाव न घेता तुझंच गाऱ्हाणं सांगत राहिला. आत्याने त्याला पोहे दिले, मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आता खाली टपरीवर उत्तराची वाट बघतो आहे. बघू दे.

आधी अभिनंदन करते. अकोल्यात पहिल्यांदाच स्केटबोर्ड स्लॅलमची मानांकन स्पर्धा होणार, चौकात फ्लेक्स लागले, त्यावर पाहुण्यांपेक्षा तुझाच फोटो मोठा. खाली ‘राज्यात अव्वल’ असं लिहिलेलं योगेशने मोबाईलवर दाखवलं. मी हसले. त्याला वाटलं मी निवळले.

तुला आठवतं का, मला स्केटबोर्डवर पहिल्यांदा तूच उभं केलं होतंस. मी शेंदूरजनाघाटची, बागायतदाराची पोर. चाकं म्हणजे ट्रॅक्टरची नाहीतर हातगाडीची, एवढंच मला ठाऊक. कॉलेज सुटलं की आपण गावाबाहेरच्या त्या लेआउटमध्ये जायचो, जिथे डांबरी रस्ते झाले होते आणि घर एकही झालं नव्हतं. प्लास्टिकचे कोन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून चहाचे कागदी कप रांगेत उलटे मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी जायचं. कप पडला की वेळेत दंड. मी थरथरत उभी राहिले की तू शेजारून धावायचास आणि ओरडायचास, “काहून घाबरून राहिली? पडली तं मी हावो ना!” त्या वाक्यावर मी तीन वर्षं काढली. तुझ्या आईने रोडगे-वरण वाढताना सगळ्यांसमोर मला “माही सून पाय कशी तिखट खाते” म्हटलं, तेव्हा मान खाली घालून तूही हसलास. मी खुळी, मला ते सगळं पक्कं वाटलं.

मग अमरावतीची स्पर्धा आली. ती आम्ही कशी उभी केली हे तू पाहिलं होतंस. रस्ता बंद करायची परवानगी मी काढली, वेळ मोजायचं यंत्र नागपूरवाल्यांकडून आणलं, सकाळी आत्याने आणि मी खराट्याने रस्ता झाडला. आपल्याकडे खेळाडू इतके थोडे की बायकांची वेगळी यादी अजून निघत नाही, सगळे एकाच यादीत. आणि स्पर्धेला मानांकनाचा दर्जा हवा असेल, म्हणजे निकालावर राज्यातले नंबर बदलायचे असतील, तर तीन जिल्हे शेवटपर्यंत खेळले पाहिजेत. अमरावती, नागपूर आणि तुमचं अकोला. नेमके तीन.

पहिल्या फेरीत मी एकही कोन न पाडता तुझ्यापुढे होते. तू दोन पाडलेस. तुझा चेहरा मी तेव्हाच पाहिला होता, पण मला वाटलं उन्हाचा त्रास होतो आहे. मी तुझ्यासाठी पाणी आणायला गेले रे. परत येईपर्यंत तू रस्त्यावर खडी आहे, पोरांचे पाय मोडतील असं पंचांना सांगून सगळं अकोला गाडीत बसवलं होतंस. योगेश खाली मान घालून बोर्ड चढवत होता. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

अकोला गेलं, दोन जिल्हे उरले, दर्जा गेला. मी जिंकले, मला कप मिळाला आणि त्या कपाला काडीची किंमत राहिली नाही. मैत्रीपूर्ण सामना म्हणून नोंद झाली. मैत्रीपूर्ण! तुझा पहिला नंबर जागेवर राहिला आणि राष्ट्रीय शिबिरातली राज्याची एकुलती एक जागा तुला मिळाली. बाबा शेंदूरजन्याहून संत्र्यांचे क्रेट घेऊन वाटायला आले होते. मला रडताना पाहून ते गोंधळले. “पोरगी जितली ना? मंग रडून काहून राहिली?” जिंकूनही जिंकलं नाही, हे त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. तुला माझ्यावर प्रेम करता आलं, पण माझ्याकडून हरणं काही जमलं नाही, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी तुझं वाईट चिंतलं. लपवत नाही. देवापुढे हात जोडले तरी मनात तूच, आणि चांगल्या कारणासाठी नाही. सराव करताना प्रत्येक कोनाच्या जागी तुझं डोकं दिसायचं. पण आपल्या खेळात कोन पाडायचा नसतो, तीच पंचाईत. म्हणून तुझ्या डोक्याला न शिवता, अगदी केसाच्या अंतरावरून, जास्तीत जास्त वेगाने जायला शिकले. आता माझ्या हाताखाली पिंकी आणि आणखी चार मुली आहेत. अमरावतीचा संघ मी निवडते, कुठे जायचं तेही मीच ठरवते.

आणि आता तूच कसा अडकलास बघ. वाशीम हा तिसरा जिल्हा, असं तू धरून चालला होतास. पण वाशीमची तिन्ही पोरं गेल्या वर्षी तूच गोड बोलून अकोल्याच्या नावावर नोंदवून घेतलीस, आपला संघ मोठा दिसावा म्हणून. यवतमाळला अजून खेळाडू नाहीत, लांबचे जिल्हे इकडे फिरकत नाहीत. म्हणजे अकोला, नागपूर आणि तिसरी मी. मी नाही म्हटलं की तुझ्या फ्लेक्सची ताडपत्री झाली.

सगळे मला नाही म्हणायलाच सांगताहेत. बाबा फोनवर म्हणाले, “जाऊ नोको. त्यानं तुही इज्जत घालोली, तू त्याचा मांडव उलथून टाक.” आत्याचंही तेच, पिंकीचंही तेच. याच्या-त्याच्या तोंडून तुझे निरोप येत राहिले आणि मी उत्तर दिलं नाही. इतकं बरं मला वर्षभरात कधी वाटलं नव्हतं. तू तिकडे येरझाऱ्या घालत असशील, आईवर खेकसत असशील, हे आठवून मी दोन घास जास्त जेवले.

पण मग लक्षात आलं, की मी आले नाही तर तुझी स्पर्धा बुडेल आणि तुझा पहिला नंबर तसाच राहील. तो माझ्याच हाताने मी तुला आणखी एक वर्ष राखून देईन. एवढी खुळी मी आता राहिले नाही. म्हणून हे पत्र. अमरावती येते आहे, अख्खा संघ घेऊन. माझ्यामुळेच तुझ्या स्पर्धेला दर्जा मिळेल आणि त्याच दर्जाच्या स्पर्धेत, तुझ्या गावात, तुझ्या आईसमोर मी तुला हरवीन. हरले तर तेही नोंदलं जाईल, मला चालेल. आणि ऐन वेळी खडी शोधू नकोस. या खेपेला अकोल्याने अंग काढून घेतलं, तर बुडेल ती तुझीच स्पर्धा.

कधी काळी तुझीच,
आता अमरावतीची
रागिणी