प्रॉम्प्टरने नाटक बघायचं नसतं

अण्णा,

गेल्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा प्रॉम्प्टिंग केलं. तेही विंगेत लपून नाही, भर रंगमंचावर खुर्ची टाकून, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हे कसलं गं नाटक? प्रॉम्प्टर दिसला की संपलं की!" खरंच संपतं का, तेच आम्हाला बघायचं होतं. आम्ही सहाजण आहोत. शहराच्या टोकाला येलहंक्यात एका शिवणवर्गाच्या वरची खोली भाड्याने घेतली आहे, तिथे दाटीवाटीने चाळीस खुर्च्या मावतात. या वेळचा खेळ असा, की नटीने एक प्रवेश पाठ करायचाच नाही. मी समोर बसून वाक्य द्यायचं, तिने ते उचलायचं, हवं तर थांबायचं, हवं तर मोडायचं. वाक्य कानावर पडल्यापासून तोंडातून बाहेर येईपर्यंत माणसाच्या चेहऱ्यावर काय काय होतं, याचं मला भारी कुतूहल आहे. या वयात असले उद्योग का सुचतात, ते मात्र विचारू नका.

तुमचं प्रॉम्प्टिंग मी लहानपणापासून पाहिलेलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक जवळ आलं, की फॅक्टरी सुटल्यावर तुम्ही सायकल तशीच तालमीच्या हॉलकडे वळवायचात. तुमचा एक नियम होता: प्रॉम्प्टरने नाटक बघायचं नसतं. नजर पानावर, बोट ओळीखाली, कान तेवढे बाहेर. वीस वर्षं तुम्ही मंडळाची नाटकं नुसती ऐकलीत. मग घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला विचारायचात, "ती निघून गेली तेव्हा तो कसा उभा होता गं?" आई पोळी अर्धी सोडून, लाटण्यासकट उभी राहून दाखवायची आणि तिच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणायची, "असा. स्वल्प वाकून. मान खाली. आता बसा जेवायला, सरी?" तुम्ही तिच्याकडे असे बघत राहायचात, की मला हसू यायचं.

मी सतरा वर्षांची असताना मला धाकट्या मुलीचं काम मिळालं. दुसऱ्या अंकात बापासमोर उभी आहे, आणि पुढचं वाक्य गायब. डोक्यात पांढराशुभ्र कागद. मी विंगेत बघते. तुम्ही तिथे आहात, हातात वही, चष्मा नाकावर घसरलेला, आणि माझ्याकडेच बघताय. सरळ माझ्याकडे. तोंडातून एक अक्षर नाही. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी बापाचं काम करणाऱ्या काकांनी "जा, आत जा तू" म्हणून मला आत पिटाळलं. घरी आल्यावर मी ताट सरकवून दिलं आणि विचारलं, "मला का नाही दिलंत वाक्य?" तुम्ही भात कालवत म्हणालात, "तुला येत होतं की." बास, एवढंच.

दुसरे एक काका नेहमी खलनायक व्हायचे, ते दर अंकात दोनदा विसरायचे, त्यांना तुम्ही कधी उघडं पडू दिलं नाहीत. मग मलाच का? त्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊन मी दोन तालमी बुडवल्या होत्या, त्याचा तुम्ही चारचौघांत धडा शिकवलात, असं मी ठरवून टाकलं. पुन्हा मंडळाच्या नाटकात उभी राहिले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. नंतर तुम्ही विचारणं सोडलंत. शेवटी दवाखान्यात अकरा दिवस तुमच्या उशाशी बसले, शेजाऱ्यांच्या बोअरवेलपर्यंत सगळं बोलून झालं आपलं, हे सोडून. मी रागावलेलीच राहिले, अण्णा. तो राग मला थोडा आवडायचाही.

आता रविवारचं ऐका. आमची नटी नागपूरची, नोकरी व्हाइटफील्डला, मेट्रो आणि रिक्षा करत अर्धं शहर ओलांडून येते. प्रवेशात ती आईला सांगते आहे, की मी आता परत येणार नाही. मी वाक्य दिलं, "माझी वाट बघू नकोस." तिने ओढणीचं टोक मुठीत घेतलं, सोडलं, मग बोलली. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, वा, काय थांबली आहे पोरगी! तेवढ्यात तिचा ओठ थरथरताना दिसला. मी पानाकडे पाहिलं. माझं बोट तिथे नव्हतंच, मांडीवर होतं. आपण कुठल्या ओळीवर आहोत, मला पत्ता नाही. एक पान पुढे उलटलं, एक मागे. खाली शिवणाच्या मशिनी चाललेल्या ऐकू येत होत्या. शेवटी तीच कशीबशी "निघते मी" म्हणून गेली.

अण्णा, त्या दिवशी तुमचं बोट कुठे होतं? वीस वर्षांत एकदाच मान वर केलीत, ती समोर मी होते म्हणून? आणि त्या दिवशी तुम्ही आईला काहीच विचारलं नाहीत, कोण कसं उभं होतं, काही म्हणजे काही नाही. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. मला रडू येतंय आणि तुमचा नव्याने रागही येतोय. "हरवलं गं पान, तुला बघत बसलो," एवढं म्हणायला काय झालं होतं? आणि बघितलंतच, तर मी कशी दिसत होते, ते तरी सांगायचंत.

प्रयोगानंतर ती नटी माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही मुद्दाम नाही दिलं ना वाक्य? मी दोन रिहर्सल मिस केल्या म्हणून?" मी म्हणाले, "अगं, प्रयोगच होता तो. तुझं तू काय करतेस ते बघायचं होतं." किती सहज आलं तोंडात! ती "ओके" म्हणाली आणि बॅग पाठीला लावून निघून गेली. तेव्हापासून ग्रुपवर सगळ्यांना उत्तर देते, मला नाही. परवा तालीम आहे. ती येईल असं मला वाटत नाही, आणि तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही.

खरं सांगू? मी मघाशी तिलाच लिहायला बसले होते. "माझं चुकलं" इथपर्यंत आले, आणि तो कागद बाजूला सारून दुसऱ्यावर तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही उठून जाणार नाही.