अवधूतच्या बेसमेंटची खिडकी

नेपरव्हिल, अमेरिका, १२ जानेवारी

ती. शरयूताईस पुरुषोत्तमचा नमस्कार.

मी मजेत आहे. झोपतो गाडीत, पण कॉलेजच्या जिममध्ये सकाळी सव्वासहाला गरम पाणी मिळतं. पाय बधिर होतात, तो मोज्यांचा दोष. तुझा गुडघा कसा आहे?

गणपतीत पाहुणे आले म्हणून तुझ्या अवधूतने मला बेसमेंटमधून काढलं. "मामा, या वयात कसलं कॉलेज?" म्हणाला.

बिल्डिंग इन्स्पेक्शनचं! वर्गात पहिला आहे मी. त्याच्या बेसमेंटची खिडकी मी मोजली होती: रुंदी साडेचौदा इंच. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून नियमाने वीस लागते, नाहीतर तिथे कुणाला झोपवता येत नाही. त्याने तर भाड्याची जाहिरात दिलीय.

सोमवारी नगरपालिकेत तक्रार देणार. मुलगा तुझा, म्हणून तुला आधी कळवलं. त्याला खुशाल सांग. खिडकी रुंद करायला या बर्फात सोमवारपर्यंत भिंत फोडून होत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
पुरुषोत्तम