येण्याची अर्धी बॅटरी

३ नोव्हेंबर

आलो एकदाचा! तलावाच्या काठावरच खोली मिळाली. दार उघडलं की पाणी, आणि पाण्यापलीकडे गिरडची टेकडी. वर्ध्यात जन्म गेला, पण असं ऊन पाहिलं नव्हतं. झिंगे विकत घेणाऱ्या कंपनीचा मी इथला पर्यवेक्षक. हुद्दा भारदस्त, हाताखाली माणूस एकच. जाळ्यातले झिंगे उचलायचे, थंड ठेवायचे आणि दुपारच्या गाडीने नागपूरला धाडायचे. बर्फाच्या डब्यात निम्मा माल मऊ पडायचा, म्हणून मी बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज आणलाय. तो नावेतच राहणार. त्याच्यावर दोन आकडे दिसतात, आतलं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट, पूर्ण भरलेली असेल तर १२.७. ते टिपायला ही खिशातली वही.

नावाडी प्रेमदास, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याची बायको आनंदाबाई हिने झिंग्यांचा रस्सा असा केला होता की मी तीन भाकरी हाणल्या. लाजलो नाही.

५ नोव्हेंबर

नावेत बॅटरी एकच. मोटर तिच्यावर, आता फ्रिजही तिच्यावर. प्रेमदासला हे रुचलं नाही. त्याचा नियम असा की निम्मी बॅटरी जाण्याची आणि निम्मी येण्याची. येण्याच्या निम्मीला कुणी हात लावायचा नाही. मला बजावून म्हणाला, "ते अर्धी मानसाची असते भाऊ. तिले हात नोको लावजो." मी त्याला समजावलं की फ्रिजला कट-ऑफ असतो, बॅटरी उतरायला लागली की तो आपोआप बंद पडतो. तेव्हा कुठे गडी शांत झाला.

बॅटरी रोज संध्याकाळी आनंदाबाई घरी नेऊन चार्ज करते. पूर्ण भरली की बॅटरीच्या मुठीला दुहेरी गाठ मारून लाल चिंधी बांधते. चिंधी दिसली तरच प्रेमदास नाव सोडतो. वीस वर्षांचा रिवाज म्हणे. फ्रिजला जागा हवी म्हणून नावेतलं वल्हं मी काठावर काढून ठेवलं.

९ नोव्हेंबर

फ्रिज दोनदा भर दुपारी बंद पडला. व्होल्ट जरा उतरले की कट-ऑफ! अख्खा माल मऊ. नागपूरहून साहेबांनी फोनवर माझी खरडपट्टी काढली. मग मी डोकं लावलं. कट-ऑफ 'हाय'वर होता, तो 'लो'वर आणला. आता बॅटरी १०.१ पर्यंत पिळून निघाली तरी फ्रिज थांबायचा नाही. आज तापमान २ अंश, झिंगे कडक. प्रेमदासला सांगितलं नाही. उगाच भुणभुण लावली असती.

१४ नोव्हेंबर

प्रेमदास गेला.

मी काठावर गाडीची वाट पाहत होतो. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि नाव पलीकडच्या बुडालेल्या बाभळींकडे सरकू लागली. मोटर बंद. त्याने काठाकडे पाहून हात हलवला. मला वाटलं, जाळं भरलं म्हणून खुशीत आहे. मीही हात हलवला. मग नाव ओढायला तो दोर घेऊन पाण्यात उतरला आणि आपल्याच जाळ्यात अडकला.

लोकांनी नाव आणली तेव्हा आकडे पाहिले. व्होल्ट १०.२. तापमान २. फ्रिज चालूच होता.

मुठीला लाल चिंधी होती. कुणी पाहायच्या आत ती सोडून मी खिशात घातली.

१५ नोव्हेंबर

इथल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव यांनी सगळ्यांसमोर विचारलं, बॅटरी भरली होती का? मी म्हणालो, चिंधी दिसली नाही. एवढंच. खोटं तरी कसं म्हणावं, तेव्हा ती दिसत नव्हतीच.

सगळे आनंदाबाईकडे वळले. ती म्हणत राहिली, "म्या बांधली होती, देवाशपथ बांधली होती." सासू तिच्या अंगावर धावून गेली. नवऱ्याला खाल्लंस म्हणाली.

१८ नोव्हेंबर

चिंधी दगडाला बांधून तलावात टाकली. नवी बॅटरी आणली. फ्रिज लावताच आकडा आला १०.१. वायर बदलली. १०.१. मोटर मात्र झकास चालते. फ्रिजच बिघडला असेल.

आनंदाबाई आली होती. चेहरा उतरलेला. मलाच विचारत होती, "मीच भुलली असन का भाऊ?" मी म्हणालो, होतं असं माणसाकडून.

हे लिहिताना लाज वाटते. पण नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा.

२१ नोव्हेंबर

फ्रिज धुवायला खोलीसमोर आणून ठेवला. वायर गुंडाळून माझ्या हातात. भर उन्हात तो गुरगुरू लागला. तापमान २. व्होल्ट १०.१.

झाकण उघडलं. आत काही नव्हतं. फक्त चिंधी. ओली. मी सोडलेली गाठ जशीच्या तशी—

२२ नोव्हेंबर

चिंधी चुलीत जाळली. राख पाहिली डोळ्यांनी.

आज सकाळी फ्रिजच्या मुठीला बांधलेली. आनंदाबाईची गाठ. दुहेरी.

२३ नोव्हेंबर

थांबत नाही. उशीखाली कान दाबले तरी तेच गुरगुरणं. त्याच्यात मध्येच— दम लागल्यासारखं.

उद्या दहाला तलावाच्या मध्यावर नेऊन बुडवतो. सगळं बुडवतो.

२४ नोव्हेंबर

बॅटरी आनंदाबाईने भरून दिली. माझ्यासमोर चिंधी बांधली. म्हणाली, "या टायमाले पाहून घेजो भाऊ, बांधली आहे." पाहिली मी. वल्हंही घेतलं.

मध्यावर मोटर बंद. फ्रिज जागचा हलत नाही. वल्हं नाही. आत्ता होतं.

वारा सुटला. बाभळी तिकडेच.

१०.१

आनंदाबाई काठावर उभी आहे. मी हात हलवला. तिनेही हलवला.

प्रेमदासला काय हवंय कळलं. लिहितो. बॅटरी आनंदाबाईने भरली होती.

१०.९

चिंधी बांधली होती. मी चोरली.

११.६

कट-ऑफ मी उतरवला. वल्हं मी काढलं. येण्याची अर्धी मी खाल्ली. प्रेमदासला मी मारलं, तिने नाही—

१२.७. मोटर चालू! चालू झाली! काठ जवळ येतोय. सुटलो.

आनंदाबाई पाण्यात उतरून नाव धरायला येते आहे. वही दिसायला नको. काठाला लागायच्या आत हे पान फाडून टाक—