दारात उभा राक्षस

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय. उद्या सकाळी ग्रामसभा आहे आणि मला तिथे बोलायचंय. आई म्हणते, गप्प राहा. मग सांगू कुणाला?

माझी पहिली शाळा तुम्हीच. खाचराच्या बांधावर, चिखलात काडीने गिरवलेली अक्षरं. धडा झाला की गोष्ट, आणि गोष्टीला हुंकार द्यायचाच, हा तुमचा नियम. मी "हं" म्हटलं तरच पुढचं वाक्य. एकदा राक्षस जिंकायला लागला, तर मी मुद्दाम गप्प बसले! हुंकारच दिला नाही तर तो जिंकेल कसा?

तुम्ही तंबाखू मळत हसलात. "आता गं? गोष्ट थांबली, पर राक्षस कुटं गेला? दारातच उभा हाय की त्यो!"

किती घाबरले होते मी! तरी सुधारले नाही. शेवटच्या आजारपणात तुम्ही सुरू केलेल्या गोष्टीतही दुष्टच जिंकत होता. मी चिडले, "आबा, निदान गोष्टीत तरी चांगल्याला जिंकू द्या."

"आगं, फुडं तर ऐक."

मी हुंकार दिला नाही. तुम्ही डोळे मिटलेत. पुढे काय होतं, आबा? रेटून का नाही सांगितलंत?

आपल्या गावच्या, बेडशाच्या ओढ्यात गावपुढारी अण्णा मुरूम टाकतायत, बंगल्यांचे प्लॉट पाडायला. खोटा आळ नको, म्हणून मी रुंदी दोरीने तीनदा मोजली. निम्मीच उरलीय. पावसात पाणी खालच्या आळीत शिरणार.

आज अण्णा घरी आले. तुमच्या राक्षसाला शिंगं होती. यांनी चहा घेतला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरी, लगीन ठरायचंय न्हवं तुझं? उगा कशाला लोकांच्या तोंडी येतीस?"

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आणि ते दारात उभे राहून सावकाश चपला घालत राहिले.

उद्या ते जिंकतीलही. हात वर करणारे त्यांचेच जास्त. वाईटाने जिंकू नये, गोष्टीतसुद्धा नाही, असं मला अजूनही वाटतं. पण गप्प बसून ते थांबत नाही, एवढं आज कळलं.

सरपंच विचारतील, "कुणाला काय बोलायचंय?" आवाज कापला तरी मी उठेन आणि तिन्ही मापं वाचेन. शब्द देते, आबा. या वेळी हुंकार अडवणार नाही.

तुमची भित्री नात,
सुमी