मांडवाच्या जागी कासवाचा माग

टिलमन बेट, फ्लोरिडा
गुरुवार

प्रिय ऑटिलीताईस,

धाकट्या वेंडेलचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील. (माझ्या गुडघ्यांचं शेवटी लिहितो.)

इकडे बेटावर सगळं ठीक. खाडीत बोय मासा भरपूर लागलाय, पाणकोळी धक्क्यावर पेन्शनरांसारखे बसून असतात, आणि पाहुणे मंडळी वाळूच्या टेकड्यांवरचं गवत तुडवून माझ्या शिव्या खातात. (मनातल्या. एकोणीस वर्षं कासवांची राखण करणाऱ्याने तोंड सांभाळायला हवं.) आता शनिवारच्या लग्नाबद्दल. तुझ्या कोराच्या मांडवाची जागा तू पाहिलीसच. नेमका तिथेच बुधवारी सकाळी माझ्या गस्तीच्या जोडीदारणीला, मार्व्हेलाला, कासवाची मादी वर येऊन परत गेल्याचा माग दिसला. तिने पट्टी टाकून तो तीनदा मोजला. "वेंडेल, एवढी धिप्पाड बाई या किनाऱ्यावर कधी आली नव्हती रे!" उकरून अंड्यांची खात्री करायचं काम माझं. मी म्हटलं, उगाच उकरायला नको. तिने चार खुंट्या ठोकून फीत बांधली. आता पिल्लं निघेपर्यंत दोन महिने आत पाऊल टाकायचं नाही, असा कायदाच आहे. कोरा धावत आली. "मामा, तुला मी जास्त की कासव?" मी खुंटीवरची फीत नीट करत राहिलो. तेव्हापासून पोरीने बोलणं टाकलंय. तिचे वडील गेल्यावर तिचा हात धरून मांडवात न्यायचा मान तिने मला दिला होता, म्हणून फार लागतं गं.

तुझा,
वेंडेल

ता. क. मंगळवारी संध्याकाळी मी बोय धरायला पाग, म्हणजे आपलं फेकायचं जाळं, घेऊन पाण्यात उतरलो होतो. लाटेने आडवा केला, गुडघे आखडले. पोटावर सरपटत टेकडीपर्यंत आलो, तिथे खळगा करून दम खाल्ला, आणि टोपी पाण्यातच राहिली म्हणून तसाच सरपटत परत गेलो. (हसू नकोस.) बुधवारी मार्व्हेलाचा चेहरा इतका फुलला होता की खरं सांगायचं राहूनच गेलं.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर राहवेना. मार्व्हेलाला जाऊन सगळं सांगितलं. तिने मला वाळूवर नेलं. मग म्हणाली, "पड पालथा." पट्टी टाकली, जुळलं, तिने खुंट्या उपटल्या. मांडव तिथेच होईल. तू फक्त कोराला विचार, मामाने यायचं का. हो म्हणाली तर लगेच कळव, कोट सैल करायला टाकायचाय. माप मार्व्हेलाकडे आहेच.